साठी, बुद्धी आणि बाबांची वही

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलेय. मध्यंतरी दोन-तीनदा सुरुवात केली आणि खोडली. विषय घरचा आहे, आणि वाचणाऱ्यांत निम्मे लोक घरचेच. दादा-वहिनी पुण्याहून वाचतात, आत्या नाशिकरोडहून वाचते आणि वर फोन करून "असं चारचौघांत लिहायचं असतं का गं?" म्हणते. त्यामुळे आधी बाबांची परवानगी घेतली. त्यांनी दोन अटी घातल्या: बँकेचं नाव लिहायचं नाही आणि रकमेचा आकडा लिहायचा नाही. दोन्ही मान्य. आता आत्याने काही बोलू नये :)

तर मागच्या महिन्यात मला ५३ पूर्ण झाली. त्या निमित्ताने लेकीने एक गंमत पाठवली. सुमित अगरवाल, लेबसन वगैरे चार अर्थशास्त्रज्ञांनी २००९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. क्रेडिट कार्ड, घरकर्ज, उशिराचा दंड अशा दहा प्रकारच्या व्यवहारांत माणसं कोणत्या वयात किती चुका करतात, ते त्यांनी तपासलं. तरुण माणसं जास्त चुका करतात, म्हातारीही जास्त करतात, आणि सगळ्यात कमी चुका साधारण ५३ व्या वर्षी होतात. का, तर तोवर अनुभव पुरेसा जमलेला असतो आणि डोक्याचा वेग अजून फारसा उतरलेला नसतो. म्हणजे मंडळी, सध्या मी शहाणपणाच्या शिखरावर उभी आहे. इथून पुढे उतारच!

हसून झालं, मग हसू जरा गेलं. कारण तो उतार मी गेली दोन वर्षं रोज बघतेय.

बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. ते 'प्रेस'मधून निवृत्त झाले. नाशिकबाहेरच्यांना सांगायला हवं, की नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्राचा प्रेस कुणाच्या मनातही येत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस. एकात स्टँप, पासपोर्ट वगैरे छापतात, दुसऱ्यात १९२८ पासून नोटा. बाबा नोटांच्या प्रेसमध्ये तपासणीला होते. छापून आलेल्या कागदावर शाई फुटलीय का, रेघ हललीय का, आकडा पुसट आलाय का हे बघायचं काम. नेहरूनगरच्या क्वार्टर्समध्ये आमचं बालपण गेलं. घरी आलेल्या दहाच्या नोटेतसुद्धा बाबा काहीतरी खोट काढून दाखवायचे आणि आम्हाला ती दिसायची नाही. असा डोळा.

आणि बाबांची वही. लग्न झाल्यापासून रोज रात्री जेवणानंतर ते हिशोब लिहितात. दूध, भाजी, आमची फी, आईच्या माहेरच्या लग्नातला आहेर, सगळं. महिनाअखेरीस बेरीज, खाली दोन रेघा. निवृत्तीनंतरही वही सुटली नाही. कपाटाच्या खालच्या खणात वह्यांची चळत आहे. आमच्या घरचा खरा इतिहास तिथे आहे असं मी नेहमी म्हणते.

२०२४ च्या पावसाळ्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायचे होते. मी म्हटलं, बाबा ती अमुक एफडी मोडा, तिला व्याज कमी आहे. बाबा म्हणाले, "ती नाही आता." मी विचारलं, कुठे गेली? तर "बघू नंतर" म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. बाबा असं कधी करत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते फिरायला गेल्यावर मी वही काढली (हो, चोरून. कबूल करते).

२०२२ च्या वहीत एका पानावर लिहिलं होतं, 'बँकेत ठेव, १० वर्षे.' २०२३ मध्ये तीच रक्कम पुन्हा, पण या वेळी पुढे नुसतं 'हप्ता' आणि ती एफडी मोडल्याची नोंद. फाइल शोधली. ठेव नव्हतीच, आईच्या नावावरची विम्याची पॉलिसी होती. दहा वर्षं दरवर्षी तेवढीच रक्कम भरायची. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या बाईचा विमा, आणि हप्ते भरणार पंचाहत्तरी ओलांडलेला पेन्शनर! बँकेतला एक मुलगा घरी यायचा, पासबुक भरून आणून द्यायचा, आईच्या हातचा चहा प्यायचा, बाबांना 'काका' म्हणायचा. त्याने सांगितलं की एफडीपेक्षा जास्त मिळेल आणि एकदाच भरायचे आहेत. बाबांनी जिथे पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या तिथे सह्या केल्या. नोटेवरची फुटलेली रेघ पकडणाऱ्या माणसाने.

पॉलिसी हातात आल्यावर ती परत करायची एक मुदत असते, तिला 'फ्री लुक' म्हणतात. तेव्हा ती साधारण पंधरा दिवसांची होती, २०२४ पासून तीस दिवसांची झाली. आम्हाला कळलं तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. तेव्हा मोडली असती तर भरलेल्यातले निम्मेही हातात आले नसते.

पण मला खरा धक्का फसवणुकीचा बसला नाही. दुसरा हप्ता मागणारं पत्र आलं तेव्हा बाबांना कळलं होतं. पूर्ण कळलं होतं. तरी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गुपचूप एफडी मोडली आणि भरले. वर्षभर एकटे ते ओझं घेऊन फिरत होते.

आणि मी काय केलं? ओरडले. स्वयंपाकघरात उभी राहून, आईसमोर. "तुम्हाला वाचता येत नव्हतं का?" असं मी माझ्या बापाला म्हणाले. बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी कपाटाची किल्ली आणून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आता तूच बघ." त्या रात्रीपासून वही बंद.

हे लिहिताना अजून हात थांबतो. असो.

नंतर मी शांतपणे ती वही मागे मागे चाळली, आणि तिथे मला जे दिसलं ते आधी बघायला हवं होतं. २०२१ पासून कुठे कुठे एकच लाइट बिल दोनदा लिहिलेलं. एका महिन्याची बेरीज चुकलेली, ती खोडून पुन्हा चुकलेली. घरपट्टीला उशीर झाल्याचा दंड, आमच्या घरात पहिल्यांदाच. अक्षर तेच, वळणदार. त्यामुळे वरवर बघणाऱ्याला काही वाटणार नाही.

२०२० साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लॉरेन निकोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ हजारांवर वृद्धांच्या बिलांच्या नोंदी तपासल्या. पुढे ज्यांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, त्यांची बिलं निदानाच्या सहा वर्षं आधीपासूनच चुकायला लागलेली दिसली. सहा वर्षं! म्हणजे नावं विसरायच्या, रस्ता चुकायच्या कितीतरी आधी पैशाचे व्यवहार सांगत होते. हे वाचून मी घाबरून बाबांना डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. स्मृतिभ्रंश नाही, वयाप्रमाणे जे व्हायचं ते आहे असं डॉक्टर म्हणाले. आपल्या देशात साठीपुढच्या शंभर माणसांत सातेक जणांना स्मृतिभ्रंश असावा असा लासी-डॅड या मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. बाबा उरलेल्या त्र्याण्णवांत आहेत. पण त्र्याण्णवांतल्या माणसाचं डोकंही पन्नाशीतलं राहत नाही, हे आपण घरात कधी बोलतच नाही.

आपल्याकडे एकच बोलतात, 'साठी बुद्धी नाठी'. ही म्हण मला आता दोन्ही बाजूंनी चुकीची वाटते. बुद्धी काही एका दिवसात नाहीशी होत नाही आणि सगळी तर मुळीच होत नाही. शब्दसंपत्ती, माणसांची पारख, आयुष्यभर केलेल्या कामातली जाण ही खूप वर्षं टिकते. बाबा आजही प्रेसमधल्या जुन्या मशीनचा आवाज करून दाखवतात आणि प्रत्येक आवाजाचा अर्थ सांगतात. कमी होतो तो वेग, आणि चार नवीन गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून त्यांची तुलना करायची ताकद. आणि विम्याचं माहितीपत्रक म्हणजे नेमक्या चार नवीन गोष्टी एकदम! त्यात समोर घड्याळ लावून बसलेला माणूस, "काका, आजच शेवटचा दिवस आहे."

पारख टिकते असं वर लिहिलं खरं, पण तिथेही एक गोम आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी २०१२ साली तरुण आणि वृद्ध अशा दोघांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले. विश्वासू आणि मधल्या चेहऱ्यांबद्दल दोघांचं मत सारखंच. पण जे चेहरे लबाड वाटावेत असे होते, ते वृद्धांना तितकेसे लबाड वाटले नाहीत. मेंदूत इन्सुला नावाचा एक भाग आहे, पोटात गोळा येतो, 'काहीतरी गडबड आहे' असं वाटतं, त्यात त्याचा हात असतो. वृद्धांत तो भाग अशा चेहऱ्यांना बघून कमी जागा झाला. हे वाचल्यावर मला तो चहा पिणारा मुलगा आठवला. मी त्याला एकदाच पाहिलं होतं आणि मला तो पहिल्या मिनिटाला आवडला नव्हता. बाबांना म्हटलंही होतं. "चांगला मुलगा आहे गं" म्हणाले. मला वाटलं बाबा भोळे झालेत. आता वाटतं, माझ्या पोटात जी घंटा वाजली ती त्यांच्या पोटात वाजलीच नाही.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही की हे ज्याचं त्याला कळत नाही. फिंकी आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा एक अभ्यास आहे. साठीनंतर पैशाबद्दलच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं देण्याचं प्रमाण दरवर्षी साधारण एक टक्क्याने घसरत जातं, पण 'मला माझं कळतं' हा आत्मविश्वास मात्र जागचा हलत नाही. ढोपर दुखतं तेव्हा माणूस आपणहून जिना टाळतो. डोक्याचं असं दुखत नाही.

कुणाला वाटेल की हे साध्यासुध्या पेन्शनरांचं झालं. मग एस. पी. ओसवाल यांचं आठवा. वर्धमान ग्रुपचे अध्यक्ष, आयुष्यभर कोट्यवधींचे व्यवहार केलेले, वय ८२. ऑगस्ट २०२४ मध्ये भामट्यांनी त्यांना 'डिजिटल अरेस्ट' केलं, व्हिडिओ कॉलवर चक्क खोटं सुप्रीम कोर्ट भरवलं, आणि त्यांच्याकडून सात कोटी काढून घेतले. त्यातले सव्वापाच कोटी पोलिसांनी नंतर परत मिळवले. धंद्याची अक्कल कमी होती म्हणून ते फसले असं कोण म्हणेल? भीती घातली, एकटं पाडलं, घाई केली. याच तीन गोष्टींनी काम झालं. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. असा फोन आला तर ठेवून द्या आणि १९३० ला कळवा. आत्या, तू विशेषतः.)

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी सगळ्या म्हाताऱ्यांना बावळट ठरवतेय असं होईल. पैसे तिप्पट करून देतो म्हणणारं केबीसी मल्टिट्रेडचं प्रकरण २०१४ साली आपल्याच नाशकात बाहेर आलं, त्यात नोकरदार, शेतकरी, तरुण पोरं सगळी अडकली होती. मैत्रेयमध्ये २०१६ साली पैसे अडकलेल्यांत आमच्या ओळखीच्या चाळिशीतल्या बायका होत्या. तिथे सगळ्यांना घाई एकाच गोष्टीची होती, वयाचा काही संबंध नव्हता. फरक पुढे पडतो. पस्तिशीत बुडालेला माणूस रडतो, शिव्या घालतो आणि सोमवारी कामाला जातो. पंचाहत्तरीत बुडालेले पैसे पुन्हा कमावता येत नाहीत. म्हणून त्याच चुकीची किंमत वेगळी.

मग करायचं काय? माझ्या ओळखीत दोनच तऱ्हा दिसतात. एक, काहीच करायचं नाही, 'त्यांचे पैसे, त्यांना कळतं'. दुसरी, एखादी चूक झाली की चेकबुक, पासबुक, एटीएम कार्ड सगळं काढून घ्यायचं आणि त्यांना हातखर्चाला पैसे द्यायचे. ही दुसरी तऱ्हा प्रेमाच्या नावाखाली चालते, आणि मीसुद्धा एक आठवडा ती केली. ती मला आता पहिल्यापेक्षा वाईट वाटते. ज्या माणसाने पन्नास वर्षं घर चालवलं त्याला पेपरवाल्याचं बिल द्यायला लेकीकडे हात पसरायला लावायचा? शिवाय आपण मुलं म्हणजे काही संत नाही. घर लिहून घेऊन आईबापाला दूर करणारी मुलं आहेत म्हणून तर २००७ चा कायदा करावा लागला, ज्यात सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, न सांभाळल्यास परत मिळवता येते. बँकेतला मुलगा परका तरी असतो.

आणि इथे माझ्या मनात एक वेगळा काटा होताच. लेकीने बापाच्या पैशात डोकं घालावं का? दादा पुण्यात, मी गंगापूर रोडला. बघणार मीच. पण "हिचं लक्ष पैशावर आहे" असं एक वाक्य घराण्यात एकदा फिरलं की संपलं. म्हणून मी पहिल्या दिवशी दादाला फोन करून सगळं सांगितलं आणि वहीच्या पानांचे फोटो पाठवले. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला गेल्या वर्षी ते दोनदा म्हणाले होते, एकदा कागद बघून जा. मी वेळ काढला नाही." म्हणजे बाबांनी सांगायचा प्रयत्न केला होता.

कायद्याचं एक सांगते, कारण ते मला स्वतःला धक्कादायक वाटलं. बरेच जण म्हणतात, मुखत्यारपत्र करून ठेवलंय, काळजी नाही. पण आपल्याकडे देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की ते मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निरुपयोगी! मग पालक नेमून घ्यायला घरच्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाने कोमात गेलेल्या माणसाच्या बायकोला असं पालकत्व दिलं, पण त्यासाठी तिला तिथवर जावं लागलं. अमेरिकेत २०१८ पासून शेअर दलालांना खातं उघडतानाच विचारावं लागतं, की तुमच्याबद्दल काळजी वाटली तर आम्ही कुणाला फोन करू? त्या माणसाला खात्याला हात लावता येत नाही, फक्त त्याला फोन जातो. किती साधी गोष्ट. आपल्या बँका वाढदिवसाचा मेसेज न चुकता पाठवतात, पण ७५ वर्षांच्या माणसाने दहा वर्षांची एफडी मोडली तर कुणाला एक फोन करावा असं त्यांना वाटत नाही. हे सक्तीचं व्हायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि विमा विकणाऱ्याच्या कमिशनला त्यामुळे धक्का बसेल याचं मला जराही दुःख नाही.

आमचं पुढे काय झालं ते सांगते. विमा लोकपालांकडे तक्रार केली, वकील लागला नाही, फी लागली नाही. कागद जमवायला मात्र दमछाक झाली. शेवटी तडजोड होऊन बरंचसं परत मिळालं. किती, ते अटीमुळे सांगत नाही.

किल्ली मी बाबांना परत दिली. ती घ्यायला त्यांनी पंधरा दिवस लावले. आता पेन्शनचं खातं त्यांचं एकट्याचं, रोजचा खर्च ते करतात, मी बघतही नाही. मोठी ठेव दोघांच्या सहीशिवाय मोडता येणार नाही अशी केली, बाबा आणि आई. मी नाही, दादाही नाही. हे आईनेच सुचवलं. इतकी वर्षं तिला कुणी कागद दाखवलेच नव्हते, आणि आता ती प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावते. कुणी काही विकायला आलं की "आमच्या घरात रात्र गेल्याशिवाय सही होत नाही" हे वाक्य बाबांनी पाठ केलंय. मागच्या महिन्यात सोसायटीच्या रंगकामवाल्यालाही तेच ऐकवलं, तो बिचारा नुसता चहा प्यायला थांबला होता.

वही मात्र पाच महिने बंद होती. मी विषय काढला नाही. मग एका रविवारी गेले तर टेबलावर नवी वही दिसली. आता रोज नाही, आठवड्यातून एकदा लिहितात, आणि बेरजेला मला बसवतात. ते आकडे सांगतात, मी मिळवते. परवा मी हातचा धरायला विसरले. बाबांनी काही न बोलता त्या आकड्याभोवती लाल पेन्सिलीने गोल केला.

५३ व्या वर्षी, शिखरावर असताना!

आता माझा स्वतःचा कागद करायला घेतलाय. कुठे काय आहे, आणि माझं काही चुकतंय असं वाटलं तर लेकीने मला कसं सांगायचं. दुसरा भाग लिहायला फार अवघड जातोय. 'स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर नाही' एवढं एकच वाक्य आतापर्यंत जमलंय.